मोठ्या ऑफ-रोड टायरचं बॅलन्सिंग: मशीनच्या आधीची कामं आणि मशीनवरचा क्रम

गाडीला ३५ किंवा ३७ इंची मड टायर घातले, बॅलन्स करून आणले (म्हणजे रिमवर छोटी वजनं लावून चाकाची जड-हलकी बाजू सारखी करून घेतली) आणि ताशी ८० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरायला लागलं. मग पुन्हा दुकान, पुन्हा मशीन, पुन्हा वजनं. तिसऱ्या खेपेपर्यंत मालक टायरला दोष देत असतो आणि कारागीर रिमला. अशी चाकं पुन्हा उघडून पाहिली की बहुतेक वेळा दोष वजनांत सापडत नाही. चाक मशीनवर चढण्याआधी जे करायला हवं होतं ते राहून गेलेलं असतं, किंवा चाक मशीनवर नीट मध्यावर बसलेलंच नसतं. म्हणून या लेखातला अर्ध्याहून जास्त भाग मशीन सुरू करण्याआधीच्या कामांचा आहे. ती कामं गाळून थेट वजनांवर उडी मारू नका.

सुरुवातीला थोडं गणित, कारण ते कळलं की पुढची काटेकोर मापं कंटाळवाणी वाटत नाहीत. ३७ इंची टायरचा घेर साधारण २.९५ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटरला ते चाक सेकंदाला जवळपास साडेनऊ फेरे घेतं. त्या वेगाला नक्षीत अडकलेला १०० ग्रॅमचा चिखलाचा गोळा चाकाला सोळा-सतरा किलोच्या जोराने बाहेर ओढतो, तोही प्रत्येक फेऱ्यात. वेग निम्मा केला तर हा जोर चौथा हिस्सा उरतो, म्हणूनच गावातल्या वेगात सगळं ठीक वाटतं आणि महामार्गावर गाडी हादरते. दुसरी गोष्ट, दोष नक्षीपाशी असतो आणि वजन आपण रिमवर लावतो. १७ इंची रिमवर लावलेलं वजन मध्यापासून सुमारे साडेएकवीस सेंटीमीटरवर, तर ३७ इंची टायरची नक्षी सत्तेचाळीस सेंटीमीटरवर. त्यामुळे नक्षीपाशी १०० ग्रॅम जास्त असेल तर रिमवर त्यासाठी जवळपास २२० ग्रॅम लावावे लागतात. मोठ्या टायरला जास्त वजनं लागतात याचं नवल वाटून घेऊ नका. मात्र त्यालाही मर्यादा आहे, ती पुढे येईल.

टप्पा १: आधी गाडी पाहा

जॅक लावून पुढचं चाक उचला, गाडी स्टँडवर टेकवा. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड यांत प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर इथेच कळेल. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत ट्रॅक बारचे (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश आणि त्याचे बोल्ट खास पाहा. हे पाहताना गाडी चाकांवर उभी ठेवा, एकाला स्टिअरिंग थोडं थोडं दोन्हीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही ट्रॅक बारच्या टोकांवर बोट ठेवा. बोल्ट भोकात सरकत असेल तर बोटाला लगेच जाणवतं.

पुढची दोन्ही चाकं एकदम हिसके देऊ लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत थांबत नाहीत, तो प्रकार बॅलन्सिंगने बरा होत नाही. बॅलन्स बिघडलेलं चाक त्याची ठिणगी टाकू शकतं, पण मूळ कारण ढिल्या सांध्यांत असतं. अशी गाडी आधी दुरुस्त करा, तोवर वेगाने चालवू नका.

टप्पा २: धुणं, खरवडणं, सुकवणं

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. चाक बाहेरून चकचकीत दिसतं, पण रिमच्या आतल्या बाजूला सुकलेल्या चिखलाचा थर बसलेला असतो. जेटने बाहेरून पाणी मारून तो निघत नाही. चाक काढा, आडवं ठेवा, आतली बाजू ब्रशने घासा. नक्षीच्या ठोकळ्यांमधले खडे स्क्रूड्रायव्हरने एकेक काढा. मड टायरच्या रुंद खाचांत बसलेला एक चपटा दगड सहज ५०-६० ग्रॅमचा असतो.

जुनी वजनं सगळी काढा. जुनी ठेवून त्यावर नवीन मोजणं म्हणजे दोन चुका एकमेकींत मिसळणं. चिकट वजनांचा उरलेला गोंद प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पत्र्याच्या पट्टीने रिमचा रंग जातो. रिमचा जो भाग गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसवतात त्या फिरत्या भागावर, टेकतो, त्यावरचा गंज आणि रंगाचे पापुद्रे वायर ब्रशने साफ करा. हबच्या तोंडाचंही तेच.

टायर आधीपासून रिमवर चढलेला असेल तर चाक उभं धरून सावकाश लोळवा आणि कान द्या. आत पाणी असेल तर खळखळ ऐकू येते. कॉम्प्रेसरची टाकी वेळच्या वेळी रिकामी केली नाही तर हवेबरोबर पाणी टायरमध्ये जातं, आणि आत हिंडणारं पाणी असताना कोणतंही मशीन दोनदा सारखा आकडा दाखवणार नाही. पाणी असेल तर टायर उतरवून आतून पुसून कोरडा करा. पंक्चरचं द्रव सीलंट आत टाकलेलं असेल तर तेही असंच काढावं लागेल.

तपासा: रिमच्या आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: रिम एकटा तपासून घ्या

टायर नवीन चढवायचा असेल तर ही संधी सोडू नका, कारण टायर चढल्यावर दोष रिमचा की टायरचा हे सांगणं अवघड होतं. रिकामा रिम मशीनच्या शाफ्टवर किंवा गाडीच्या हबवर घट्ट बसवा आणि बीड, म्हणजे टायरची रिमला धरणारी आतली जाड कड, जिथे बसतं त्या पट्टीवर डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारं मापक) लावा. एक माप वर-खालीचं, म्हणजे गोलाईचं, दुसरं बाजूला डोलण्याचं. सावकाश एक फेरा द्या आणि सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा यांतला फरक लिहून ठेवा. मी १ मिलिमीटरपर्यंत रिम स्वीकारतो. त्याहून जास्त असेल तर रिम आऊट आहे आणि वजनं लावून तो गोल होणार नाही. रिमच्या ओठाबाहेरून घेतलेलं माप फसवं असतं, दगडावर घासून ओठ वाकलेला असतो पण बीडची बैठक शाबूत असू शकते. उलटही घडतं.

गोलाईच्या मापात रिमचा सगळ्यात खालचा बिंदू, म्हणजे मध्याला सर्वांत जवळची जागा, जिथे मिळेल तिथे खडूने खूण करा. ती पुढच्या टप्प्यात लागेल.

टप्पा ४: टायर चढवणं आणि बीड बसवणं

टायरवर रंगीत ठिपके आहेत का ते आधी पाहा. पिवळा ठिपका टायरची हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हसमोर आणायचा, कारण व्हॉल्व्हपाशी रिम सहसा किंचित जड असतो. लाल ठिपका टायर जिथे सर्वांत ताठ किंवा उंच आहे ती जागा दाखवतो, तो रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूवर, म्हणजे तुम्ही आत्ता खडूने खूण केली तिथे आणायचा. दोन्ही ठिपके असतील आणि रिमचा खालचा बिंदू माहीत असेल तर लाल ठिपक्याचं ऐका. जडपणा वजनाने भरून काढता येतो, उंचवटा वजनाने जात नाही. मोठ्या मड टायरवर पुष्कळदा ठिपकेच नसतात. मग टायर कसाही चढवा, पुढे मोजमापावरून फिरवता येतो.

बीडला दोन्ही बाजूंनी टायर चढवायचं वंगण भरपूर लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. त्याने रबर खराब होतं, शिवाय ते सुकत नसल्याने टायर रिमवर पुढे महिनोन् महिने सरकत राहतो. व्हॉल्व्हचा कोर (आतली हवा अडवणारी पिन) काढून हवा भरा म्हणजे हवा झपाट्याने जाते आणि बीड दोन्हीकडून सारखं बसतं.

सावध: बीड बसवताना ४० पीएसआयच्या पुढे जाऊ नका. तोवर बसलं नाही तर हवा सोडा, वंगण पुन्हा लावा, टायर थोडा फिरवा आणि पुन्हा प्रयत्न करा. पाइपला लांब नळी आणि क्लिपचं तोंड लावा आणि स्वतः चाकाच्या बाजूला नव्हे, नक्षीच्या समोर दूर उभे राहा. पेटता स्प्रे मारून बीड बसवण्याचा प्रकार करू नका, त्यात माणसं गेली आहेत. जुन्या मालवाहू गाड्यांचे साडेसोळा इंची रिम अजून फिरतात. त्यावर १६ इंची टायर कधीही चढवायचा नाही. तो चढतो, पण हवा भरताना फुटतो.

तपासा: टायरच्या बाजूला रिमच्या ओठालगत एक बारीक उठावदार गोल रेघ असते. ती रेघ आणि रिमचा ओठ यांतलं अंतर पूर्ण फेरीत सारखं दिसलं पाहिजे, पुढून आणि मागूनही. एके ठिकाणी रेघ आत बुडाली असेल तर तिथे बीड बसलेलं नाही. असं चाक बॅलन्स झालं तरी उड्या मारेल. पुष्कळांची तीन-तीन वेळा बॅलन्स केलेली चाकं मी फक्त हवा सोडून, वंगण लावून, बीड पुन्हा बसवून ठीक झालेली पाहिली आहेत.

मग हवा रस्त्यावर चालवायच्या दाबावर आणा, थंड टायरला. चिखलात कमी हवेवर चालवत असाल तरी बॅलन्सिंग महामार्गाच्या दाबावरच करायचं. शेवटी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर आणि रिमवर मिळून एकच सरळ रेघ रंगाच्या पेनाने ओढा. ही रेघ पुढे फार कामाला येते.

टप्पा ५: टायरसकट गोलाई मोजा

गाडी बरेच दिवस उभी असेल तर टायर खालून चपटे झालेले असतात. पंधरा-वीस मिनिटं चालवून टायर गरम करा आणि लगेच चाक उचला, नाहीतर ते पुन्हा बसतील. अगदी नवीन चढवलेल्या टायरला पहिल्या दिवशी जोराने ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर देऊ नका, वंगण सुकायला साधारण एक दिवस लागतो आणि तोवर टायर रिमवर घसरू शकतो.

मड टायरवर डायल गेजचं टोक ठोकळ्यांवर अडखळतं. नक्षीच्या मधोमध रुंद चिकटपट्टी ताणून लावा आणि गेजचं चाक तिच्यावरून फिरवा. गेज नसेल तर स्टँडवर एक पट्टी नक्षीला जवळजवळ टेकेल अशी बांधा, चाक सावकाश फिरवा आणि फट कुठे वाढते, कुठे घटते ते पाहा. उंचवट्याचा फरक दीड मिलिमीटरच्या आत असला तर मी पुढे जातो. दोनच्या वर गेला तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजतो. उंचवटा टायरबरोबर फिरला तर दोष टायरचा, जागच्या जागी राहिला तर रिमचा. दोन्हींचे उंचवटे एकावर एक आले असतील तर या एका फिरवण्यानेच ते एकमेकांना मारतात आणि प्रश्न मिटतो.

टप्पा ६: मशीनवर चाक मध्यावर बसवणं

या टप्प्यावर घाई केली तर मागचं सगळं वाया जातं, म्हणून इथे जरा थांबूया.

टायर आणि रिम मिळून ५० किलोचं चाक घ्या. ते मशीनच्या शाफ्टवर मध्यापासून फक्त ०.१ मिलिमीटर सरकून बसलं, म्हणजे कागदाच्या एका पानाइतकं, तरी मशीन १७ इंची रिमवर सुमारे २३ ग्रॅमचा खोटा दोष दाखवतं. तुम्ही तो प्रामाणिकपणे वजनं लावून भरून काढता. मशीन शून्य दाखवतं. चाक गाडीवर चढतं तेव्हा ते योग्य मध्यावर बसतं आणि तुमची २३ ग्रॅमची वजनंच आता दोष बनतात. लहान कारच्या हलक्या चाकाला हीच चूक निम्म्याहून कमी भोवते, म्हणून कारच्या चाकांवर हात बसलेल्या कारागिराला ती लक्षातही येत नाही.

पहिल्यांदा मशीनवरची पाटी वाचा. चाकाचं जास्तीत जास्त वजन आणि व्यास त्यावर लिहिलेला असतो. तुमचं चाक त्याच्या पलीकडे असेल तर दुसरं मशीन शोधा. शाफ्ट, कोन (चाक मध्यावर धरायला शाफ्टवर चढवायचा शंकूसारखा तुकडा) आणि रिमचं मधलं भोक कापडाने पुसा. एका बाजूला चिकटलेला वाळूचा कण पुरेसा आहे.

मग रिम मध्य कशावर धरतो ते ठरवा. काही रिम हबच्या उंचवट्यावर मधल्या भोकाने बसतात. अशांना मागच्या बाजूने, म्हणजे गाडीकडच्या बाजूने, भोकाला नेमका बसणारा कोन लावा, कारण काटेकोर कातलेली बाजू तीच असते. पुढून कोन लावणं ही नेहमीची चूक आहे, पुढच्या तोंडाला कड असते पण ती मध्याला नेमकी असेलच असं नाही. बाजारातले पुष्कळ ऑफ-रोड रिम मात्र मोठ्या भोकाचे असतात आणि गाडीवर त्यांचा मध्य शंकूच्या आकाराचे नट ठरवतात. अशा रिमला नुसता कोन लावून भागत नाही. नटांच्या भोकांत बसणाऱ्या बोटांची प्लेट लावा म्हणजे मशीनवरही चाक तसंच धरलं जाईल जसं गाडीवर धरलं जातं.

चाक उचलायला लिफ्ट वापरा. ते शाफ्टवर गेल्यावरही नट आवळेपर्यंत लिफ्टचा आधार काढू नका, नाहीतर ५० किलोचं ओझं कोनाला खाली दाबतं आणि चाक तिरकं बसतं. नट आवळताना चाक हाताने सावकाश फिरवत राहा.

तपासा: चाक फिरवा आणि आकडे लिहा. नट सैल करा, शाफ्ट जागच्या जागी ठेवून चाक त्यावर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा, पुन्हा फिरवा. जड बाजू चाकावर त्याच जागी आणि आकडा साधारण तोच आला पाहिजे. वीस ग्रॅमचा फरक पडत असेल तर त्यातले दहा ग्रॅम बसवण्यातली चूक आहे. कोन बदला, पुसा, पुन्हा बसवा. हा फरक दहा ग्रॅमच्या आत आल्याशिवाय एकही वजन लावू नका. या तपासणीला दोन मिनिटं लागतात. कारागीर करायला तयार नसेल तर गोड शब्दांत पण आग्रहाने करून घ्या.

टप्पा ७: मापं भरणं आणि आकडे वाचणं

मशीनला तीन मापं लागतात: मशीनपासून रिमच्या आतल्या कडेचं अंतर, रिमचा व्यास आणि रिमची रुंदी. टायरवर छापलेली रुंदी भरू नका. साडेबारा इंच रुंद टायर साडेआठ इंची रिमवर असू शकतो, मशीनला साडेआठ हवेत. रुंदी कॅलिपरने मोजा, कारण दोन वजनांमधलं अंतर मशीन त्यावरूनच धरतं.

डायनॅमिक, म्हणजे दोन बाजूंचं बॅलन्सिंग निवडा. एकाच ठिकाणी सगळं वजन लावण्याची स्टॅटिक पद्धत चाकाची उडी थांबवते, पण रुंद टायरचं डावी-उजवीकडे डोलणं तसंच राहतं आणि ते थेट स्टिअरिंगमध्ये येतं. बाहेरून वजन दिसू नये म्हणून दोन्ही ओळी रिमच्या आत लावणार असाल तर त्या एकमेकींपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवा. ओळींमधलं अंतर निम्मं झालं की डोलणं थांबवायला दुप्पट वजन लागतं.

मशीन लहान आकडे गिळून शून्य दाखवतं, त्यामुळे सूक्ष्म वाचनाचं बटण असेल तर ते दाबून एकदा खरा आकडा पाहा. मोठ्या चाकाला दोन्ही बाजूंना दहा ग्रॅमच्या आत आलं तरी मला समाधान असतं. नेमक्या शून्याच्या मागे धावत बसू नका.

मशीनवरच शंका असेल तर बॅलन्स झालेल्या चाकाच्या बाहेरच्या कडेला मुद्दाम १०० ग्रॅमचं वजन लावा. मशीनने बरोबर समोरच्या बाजूला, बाहेरच्याच कडेला सुमारे १०० ग्रॅम मागितले पाहिजेत आणि आतली बाजू जवळपास शून्य राहिली पाहिजे. तसं होत नसेल तर मशीनचं कॅलिब्रेशन करून घ्या.

टप्पा ८: वजनं लावणं

चिकट वजनांची जागा आधी अल्कोहोलने पुसा, पेट्रोल किंवा डिझेलने नाही, त्यांचा तेलकट थर मागे राहतो. रिम गार असेल तर थोडा गरम करून घ्या. प्रत्येक तुकडा अंगठ्याने जोरात दाबा. गोंद पूर्ण धरायला एक दिवस लागतो, म्हणून त्या दिवशी जेटने धुऊ नका आणि पाण्यात गाडी घालू नका. कडेने चिखल आत शिरून पट्टी उचलू नये म्हणून मी वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी घट्ट बसवतो.

आता एक चूक जी फार थोड्यांच्या लक्षात येते. मशीनने एका बिंदूला १५० ग्रॅम मागितले आणि तुम्ही पाच-पाच ग्रॅमचे तीस तुकडे एका ओळीत लावले. एक तुकडा साधारण दोन सेंटीमीटरचा, म्हणजे ओळ झाली साठ सेंटीमीटर, रिमच्या आतल्या घेराच्या जवळजवळ निम्मी. टोकांची वजनं मग बाजूला ओढतात आणि एकूण परिणाम पाव ते एक-तृतीयांश घटतो. पुढच्या फेऱ्यात मशीन आणखी वजन मागतं, कारागीर आणखी लावतो आणि रिमला गोल बांगडी होते. जास्त वजन लागलं तर जाड, दहा ग्रॅमचे तुकडे घ्या, किंवा शेजारी शेजारी दोन ओळी लावा आणि मशीनने दाखवलेला बिंदू ओळीच्या मधोमध येऊ द्या. तुकड्यावर तुकडा चिकटवू नका.

क्लिपची वजनं लोखंडी रिमला चांगली धरतात, पण क्लिपचा आकार रिमच्या ओठाशी जुळला पाहिजे. हातोडीच्या एका ठोक्यात बसलं नाही तर क्लिप चुकीची आहे. दगडांतून गाडी नेत असाल तर बाहेरच्या ओठावरचं वजन टिकणार नाही हे गृहीत धरा.

सावध: मोठ्या रिमच्या आत ब्रेकचा कॅलिपर बसलेला असतो. चिकट वजनं त्याला घासत नाहीत ना ते चाक गाडीवर चढवून हाताने एक पूर्ण फेरा देऊन पाहा.

वजन लावून दुसऱ्यांदा फिरवल्यावर किरकोळ आकडाच उरला पाहिजे. प्रत्येक फेऱ्यात बिंदू इकडून तिकडे पळत असेल तर वजनं लावणं थांबवा. आत पाणी आहे, खडा आहे किंवा कोन सरकतो आहे. सगळी वजनं काढा आणि टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा.

आणि ती मर्यादा: एका चाकाला एकूण ३०० ग्रॅमच्या पुढे वजन लागत असेल तर मी वजन लावत नाही. हवा सोडून बीड मोकळं करतो, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवतो आणि पुन्हा मोजतो. आकडा बराच खाली आला तर काम झालं. कमी झाला पण पुरेसा नाही, तर पाव फेरा अजून फिरवून पाहतो. काहीच बदललं नाही तर जवळपास सगळा दोष एकट्या टायरचा किंवा एकट्या रिमचा आहे, दुसऱ्या रिमवर तोच टायर चढवून पाहिल्यावर कोणाचा ते कळतं.

बीडलॉक रिम आणि आत टाकायचे मणी

बीडलॉक रिमला बाहेरचं बीड कड्याने दाबून धरलेलं असतं, त्यामुळे टायर मध्यावर आणायची जबाबदारी पूर्णपणे तुमची. कडं बसवण्याआधी टायर आणि रिममधली फट चार ठिकाणी मोजून सारखी करा. बोल्ट समोरासमोरचे घेत, तीन-चार हप्त्यांत, निर्मात्याने दिलेल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे आवळण्याच्या जोरापर्यंत, आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळून पुढे गेलात तर टायर एका बाजूला ओढला जातो. मशीनवर चढवण्याआधी सगळे बोल्ट जागेवर असले पाहिजेत, आणि थोडं चालवल्यावर पुन्हा तपासले पाहिजेत. बाहेरच्या ओठाला वजन लावायला जागा नसते, म्हणून बाहेरची ओळ आतूनच, शक्य तितकी बाहेरच्या बाजूला लावावी लागते.

चिखलात वजनं वारंवार उडून जातात त्यांना टायरमध्ये टाकायचे बॅलन्सिंगचे मणी सोयीचे पडतात. ३५ ते ३७ इंची टायरला साधारण २५० ते ३५० ग्रॅम लागतात, नेमकं प्रमाण निर्मात्याच्या तक्त्यातून घ्या. टायर आतून कोरडा ठणठणीत हवा, ओले मणी गोळा होऊन एका जागी बसतात. व्हॉल्व्हला जाळीचा कोर लावा, नाहीतर हवा सोडताना मणी अडकून व्हॉल्व्ह गळतो. मणी टाकले की बाहेरची वजनं काढा आणि ते चाक मशीनवर चढवू नका. मणी आपली जागा शोधतात ती चाक गाडीवर वर-खाली हलतं तेव्हा. मशीनच्या ताठ शाफ्टवर त्यांना ती हालचाल मिळत नाही आणि आकडे निरर्थक येतात. सावकाश वेगात मण्यांचा परिणाम नसतो, सुरुवातीला किंचित थरथर जाणवून पुढे ती निवते. आऊट असलेला रिम किंवा अर्धवट बसलेलं बीड मण्यांनी झाकलं जात नाही, म्हणून टप्पा ५ पर्यंतची कामं मणी वापरणाऱ्यालाही चुकत नाहीत.

टप्पा ९: चाक गाडीवर चढवणं

चाक हवेत असतानाच सगळे नट हाताने फिरवा, मग समोरासमोरचे घेत हलकेच आवळा आणि चाक हबवर सपाट बसल्याची खात्री करा. त्यानंतरच गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचने पूर्ण आवळा. शंकूच्या नटांवर मध्य ठरणाऱ्या रिमला हा क्रम फार महत्त्वाचा आहे. चाक जमिनीवर टेकलेलं असताना न्यूमॅटिक गनने एकेक नट धाडकन आवळला की चाक खाली सरकलेल्या जागीच अडकतं. मग मशीनवरची सगळी मेहनत त्या एका मिनिटात जाते. ८०-१०० किलोमीटर चालवून नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

टप्पा १०: रस्त्यावरची चाचणी

सपाट, मोकळा रस्ता निवडा. टायर गरम होऊ द्या, मग वेग हळूहळू वाढवत न्या आणि थरथर कुठल्या वेगाला सुरू होते, कुठल्या वेगाला निवते ते शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा.

स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं, सीट आणि तळ थरथरत असेल तर मागची, असा पहिला अंदाज धरा. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून पाहा, थरथर जागा बदलते का तेही बोलकं असतं. त्याच वेगात एक गिअर खाली आणून इंजिनचे फेरे वाढवा. थरथर इंजिनबरोबर बदलली तर चाकांना दोष देऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर कमी होते, तर प्रोपेलर शाफ्ट पाहा. गाडी उंच केल्यावर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्यातून येणारी बारीक, घुमल्यासारखी थरथर पुष्कळ लोक टायरच्या माथी मारतात. चाकाची थरथर जाड असते, सेकंदाला आठ-दहा धक्क्यांची, जवळजवळ मोजता येईल अशी. शाफ्ट चाकापेक्षा कित्येक पट वेगाने फिरतो, त्याची थरथर भुणभुणते.

बॅलन्स शून्य, गोलाई ठीक आणि तरीही चाक उडतं, असंही क्वचित होतं. टायरच्या भिंतीचा ताठपणा सगळीकडे सारखा नसला की असं घडतं. ते पाहायला टायरवर रोलर दाबून फिरवणारं मशीन लागतं. मोठे टायर त्यावर बसतात का ते आधी विचारून मग चाकं घेऊन जा.

नंतरची काळजी

मड टायरचे ठोकळे असमान झिजतात, म्हणून दर पाच-सहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करताना बॅलन्सही पाहा. स्टेपनी विसरू नका, अदलाबदलीत तीही फिरवत असाल तर तिलाही हे सगळं लागू आहे.

चिखलातून परतल्यावर गाडी थरथरली तर आधी रिमची आतली बाजू धुवा. तेवढ्याने जात नसेल तर टप्पा ४ मध्ये ओढलेली रेघ पाहा. बारा-पंधरा पीएसआयवर दगड चढताना टायर रिमवर सरकतो, आणि टायरवरची रेघ रिमवरच्या रेघेपासून चार बोटं लांब गेलेली दिसते. तशी दिसली तर जुनी वजनं काढा, नवीन रेघ ओढा आणि टप्पा ६ पासून सुरुवात करा.